शुद्ध पाण्यातली भेग : १९५९ चा एक इशारा आणि त्यानंतरची वर्षे

१/ २३ सप्टेंबर १९९१. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या काठी, ल्यों शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या ब्युजे अणुवीज केंद्रात तिसऱ्या क्रमांकाच्या भट्टीची दशवार्षिक दाबचाचणी चालू होती. भट्टी बंद होती. तिच्या पोलादी दाबपात्रात पाणी भरून दाब २०७ बारपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दोनशे पटींहून अधिक, चढवला होता. त्या वेळी पात्रावर बसवलेल्या ध्वनिसंवेदकांनी एक क्षीण आवाज टिपला. पात्राच्या झाकणातून पाणी झिरपत होते. तासाला जेमतेम एक लिटर.

२/ एवढे पाणी घरातल्या गळक्या नळातूनही जाते. पण या लिटरभर पाण्याने फ्रान्सच्या अणुउद्योगाची झोप उडवली. झाकणातून आरपार गेलेल्या एका नळीला भेग पडली होती, आणि ती नळी ज्या मिश्रधातूची होती तो गंजत नाही, अशी त्याची ख्याती होती. विशेष म्हणजे हा धातू अशा पाण्यात फुटू शकतो, हे एका फ्रेंच संशोधकाने बत्तीस वर्षांपूर्वी जाहीर सभेत सांगितले होते.

३/ त्या संशोधकाचे नाव आँरी कोरियू. आजचा धागा त्यांच्या इशाऱ्याविषयी आहे. तो कोणी दडपला नव्हता, छापून आला होता, त्यावर वादही झडला होता. तरीही त्याच धातूच्या हजारो नळ्या जगभरच्या अणुभट्ट्यांत बसल्या. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर आधी आपल्याकडच्या पावसाळ्यात जाऊन यावे लागेल.

४/ ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील फौजांपुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. पावसाळाभर साठवून ठेवलेली पितळी काडतुसे नंतर बाहेर काढली की त्यांना भेगा पडलेल्या आढळत. कोणी ती आपटली नव्हती, चेपली नव्हती, कित्येकदा पेटीतून हलवलीही नव्हती. ठरावीक ऋतूत घडणारा प्रकार म्हणून त्याला ‘सीझन क्रॅकिंग’, म्हणजे ऋतुभेग, असे नाव पडले.

५/ उलगडा व्हायला १९२१ साल उजाडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या ब्रिटिश संशोधकांनी दाखवून दिले की येथे दोन गोष्टींची हातमिळवणी होती. काडतूस घडवताना पितळ दाबले आणि खेचले जाते, त्यामुळे त्याच्या अंगात ताण कोंडून राहतो. दुसरीकडे दमट हवेत अमोनिया असतो. घोडदळाच्या पागांजवळ, घोड्यांच्या मूत्रामुळे, तो मुबलक होता. एकटा ताण पितळाला फोडत नव्हता आणि एकटा अमोनियाही फोडत नव्हता. दोघे मिळून फोडत होते. पितळ घडवल्यावर बेताच्या उष्णतेवर तापवून आतला ताण उतरवणे, हा उपाय निघाला.

६/ या प्रकाराचे शास्त्रीय नाव ‘स्ट्रेस कोरोजन क्रॅकिंग’. आपण त्याला ‘ताण-गंज भेग’ म्हणू. तिला तीन गोष्टी एकत्र लागतात : बळी पडू शकणारा धातू, त्यावर खेचणारा ताण आणि नेमके पोषक ठरणारे भोवतालचे द्रव्य. तिघांपैकी एक काढून घेतला तर भेग पडत नाही. साध्या गंजाप्रमाणे ती पत्रा सगळीकडून खात नाही. पृष्ठभाग स्वच्छ आणि चकचकीत राहतो, आणि आत केसाएवढी चीर वर्षानुवर्षे पुढे सरकत असते.

७/ आता अणुभट्टीकडे. सर्वाधिक प्रचलित प्रकारच्या अणुभट्टीत पाणी सुमारे ३२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, पण उकळत नाही, कारण त्यावर सुमारे १५५ बार दाब असतो. आपल्या प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. हा त्याच तत्त्वाचा अतिभव्य अवतार. हे किरणोत्सारी पाणी ‘बाष्पजनित्र’ नावाच्या उंच पात्रातील नळ्यांतून फिरते. नळ्यांच्या बाहेर दुसरे, स्वच्छ पाणी असते. त्याची वाफ होते आणि ती टर्बाइन फिरवते.

८/ वेस्टिंगहाऊस कंपनीच्या एका बहुप्रचलित बाष्पजनित्रात अशा ३,३८८ नळ्या असत. प्रत्येकीचा व्यास सुमारे २२ मिलिमीटर आणि भिंतीची जाडी १.२७ मिलिमीटर. उष्णता पलीकडे जावी म्हणून भिंत पातळ हवी, आणि किरणोत्सारी पाणी पलीकडे जाऊ नये म्हणून ती अभेद्य हवी. ही सव्वा मिलिमीटरची भिंत कोणत्या धातूची असावी, हा प्रश्न १९५० च्या दशकात अभियंत्यांपुढे होता.

९/ पहिली निवड अर्थातच स्टेनलेस स्टीलची. अमेरिकेतील शिपिंगपोर्ट केंद्राच्या बाष्पजनित्रांत त्याच्याच नळ्या होत्या. परंतु स्टेनलेसला एक शत्रू आहे, क्लोराइड. समुद्राच्या पाण्यातील मिठाचा अंश आत शिरला आणि नळ्यांच्या फटींत साठत गेला, तर ताणाखाली असलेले स्टेनलेस फुटते. ज्या केंद्रांची वाफ समुद्राच्या पाण्याने थंड केली जाते, त्यांना हा धोका कायमचा होता.

१०/ पर्याय हाताशी होता. इंटरनॅशनल निकेल कंपनीने १९३० च्या दशकात ‘इन्कोनेल’ हा मिश्रधातू विकसित केला होता. पुढे त्याच्या या मूळ प्रकाराला ‘अलॉय ६००’ हे नाव रूढ झाले. त्यात निकेल किमान ७२ टक्के, क्रोमियम १४ ते १७ टक्के आणि उरलेल्यात मुख्यतः लोह. त्याचा आरंभीचा वापर दूध तापवण्याच्या उपकरणांत झाला होता. दुधाला चव लागू न देणारा हा सभ्य धातू अणुयुगात शिरायला सज्ज होता.

११/ येथे १९५९ हे साल येते. त्या वर्षी दोन निष्कर्ष जगापुढे आले आणि दोन्ही खरे होते. पहिला निष्कर्ष एच. आर. कॉप्सन यांचा. ते निकेल कंपनीच्याच प्रयोगशाळेत काम करत. वेगवेगळ्या प्रमाणात निकेल असलेल्या तारा ताणून त्यांनी उकळत्या मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवल्या. सुमारे ८ ते १० टक्के निकेलच्या, म्हणजे नेहमीच्या स्टेनलेसच्या, तारा सर्वांत लवकर तुटल्या. निकेल वाढत गेले तसा तुटण्याचा काळ लांबला, आणि सुमारे ४५ टक्क्यांपुढे तारा तुटेनातच. हा आलेख पुढे ‘कॉप्सन वक्र’ म्हणून प्रसिद्ध झाला.

१२/ दुसरा निष्कर्ष फ्रान्समधल्या साक्ले येथील परिसंवादात मांडला गेला. फ्रेंच अणुऊर्जा आयोगातील आँरी कोरियू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्कोनेलचे ताणलेले नमुने ३५० अंशांच्या पाण्यात ठेवले होते. त्या पाण्यात क्लोराइड नव्हते, अल्क नव्हते. पाणी अतिशुद्ध होते. काही काळाने नमुने काढून पाहिले तर त्यांना भेगा पडल्या होत्या, आणि त्या धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवरून, दगडी भिंतीतील दर्जांमधून चीर जावी तशा गेल्या होत्या.

१३/ दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवून पाहा. एक सांगतो की निकेल वाढवा, सुरक्षित राहाल. दुसरा सांगतो की निकेल फार वाढवाल, तर शुद्ध पाणीही तुम्हाला सोडणार नाही. एकाने खारट पाण्याची भाषा केली, दुसऱ्याने निर्मळ पाण्याची. उद्योगाने पहिला निष्कर्ष उचलला, कारण त्या घडीला अंगावर येत होता तो क्लोराइडचा शत्रू.

१४/ कोरियूंवर विश्वास का बसला नाही? याला केवळ अहंकार किंवा व्यापारी स्वार्थ म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते इतिहासाला धरून होणार नाही. इतर प्रयोगशाळांनी तसेच प्रयोग केले आणि त्यांचे कित्येक नमुने शाबूत राहिले. अलॉय ६०० ची एक भट्टी दुसरीसारखी नसे. कार्बनचे प्रमाण, तापवण्याची रीत आणि दिलेला ताण यांनुसार वागणूक बदलत असे. तेव्हा टीकाकारांनी म्हटले, फ्रेंचांच्या पाण्यात काहीतरी अशुद्धी असणार. शिवाय ३५० अंश हे तापमान प्रत्यक्ष भट्टीपेक्षा जास्त होते आणि नमुने जबर ताणलेले होते.

१५/ खरी मेख काळात होती. ही प्रक्रिया तापमानावर कमालीची अवलंबून आहे. ढोबळमानाने, ३५० अंशांऐवजी ३२० अंशांना तीच भेग उगवायला पाच-सहा पट वेळ लागतो. त्यात ताण कमी असेल तर आणखी विलंब. प्रयोगशाळेत महिन्यांत दिसणारी गोष्ट वीज केंद्रात दिसायला कधी काही वर्षे, कधी दोन दशके लागणार होती. हजार-दोन हजार तासांचा प्रयोग करून ‘भेग नाही’ म्हणणाऱ्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. ते लवकर उठून गेले होते, इतकेच.

१६/ कोरियू मात्र मागे हटले नाहीत. १९६७ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यात, कोलंबस येथील विद्यापीठात, या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे त्यांनी निकेलच्या प्रमाणानुसार ३५० अंशांच्या शुद्ध आणि क्लोराइडयुक्त अशा दोन्ही पाण्यांतील वर्तन मांडले. एका टोकाला कमी निकेलची मिश्रणे क्लोराइडमध्ये फुटत होती, दुसऱ्या टोकाला भरपूर निकेलची मिश्रणे शुद्ध पाण्यात फुटत होती. दोन दऱ्यांच्या मध्ये एक सुरक्षित पठार होते.

१७/ परंतु तोवर मागण्या नोंदवल्या गेल्या होत्या, कारखाने उभे राहिले होते. अमेरिकी भट्ट्यांचा प्रमाणित धातू अलॉय ६०० झाला होता. नियतीचा खेळ असा की कोरियूंच्या स्वतःच्या देशाने वेस्टिंगहाऊसचा आराखडा परवान्याने घेतला. १९७४ मध्ये, तेलसंकटानंतर, फ्रान्सने अणुऊर्जेचा विराट कार्यक्रम हाती घेतला आणि त्या आराखड्याबरोबर अलॉय ६०० ही आला. इशारा फ्रेंच भाषेत दिला गेला होता. तरी तो अमेरिकेला वळसा घालून परतलेल्या आराखड्यात उतरला नाही.

१८/ पहिला पुरावा जर्मनीत मिळाला. ओब्रिगहाइम येथील केंद्रात १९७० च्या दशकाच्या आरंभी अलॉय ६०० च्या नळ्यांना आतल्या, शुद्ध पाण्याच्या बाजूने भेगा आढळल्या. जर्मन अभियंत्यांनी त्यातून धडा घेतला आणि पुढच्या भट्ट्यांसाठी ‘अलॉय ८००’ निवडला. त्यात निकेल ३० ते ३५ टक्के. कोरियूंच्या आलेखावर पाहाल, तर तो नेमका मधल्या पठारावर बसतो.

१९/ सप्टेंबर १९७६ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या सरी केंद्रात एक नळी फुटली. तेथील कारणमाला पाहण्यासारखी आहे. नळ्यांना आधार देणाऱ्या साध्या पोलादाच्या जाळ्या बाहेरच्या बाजूने गंजल्या. गंज मूळ लोहापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून त्याने नळ्यांना चहूबाजूंनी आवळले. आधाराच्या जाळ्याच वेड्यावाकड्या झाल्या आणि वरच्या टोकाला यू आकारात वळवलेल्या नळ्यांचे पाय जवळ ओढले गेले. त्या वळणावर ताण वाढला आणि आतल्या शुद्ध पाण्याने उरलेले काम केले. धातू तोच, पाणीही तेच. ताण तेवढा शेजाऱ्याने पुरवला.

२०/ त्यानंतरची दोन दशके म्हणजे डागडुजीचा इतिहास. भेग पडलेल्या नळ्यांना दोन्ही टोकांनी बुचे मारायची, काहींच्या आत दुसरी नळी सरकवायची, आणि शेवटी शेकडो टनांचे अख्खे बाष्पजनित्रच बदलायचे. ही यंत्रे भट्टीच्या आयुष्यभर, म्हणजे चाळीस वर्षे, टिकावीत अशा हिशेबाने बसवलेली होती. सरीला ती दहा वर्षांच्या आतच बदलण्याचे काम निघाले.

२१/ मग १९९१ मधील ब्युजे. आतापर्यंत भेगा बाष्पजनित्रांच्या पातळ नळ्यांत होत्या. आता त्या भट्टीच्या दाबपात्राच्या झाकणातल्या जाड नळ्यांपर्यंत पोचल्या. भट्टीचा वेग आवरणारे नियंत्रक दांडे याच नळ्यांतून वर-खाली होतात. नळी झाकणाला वितळजोडाने जोडताना धातूत ताण कोंडून राहतो, थेट काडतुसाच्या पितळासारखा. फ्रान्सने मग आपली झाकणे एकामागून एक बदलायला घेतली. अमेरिकेने मात्र तपासणी आणि गणित यांवर भिस्त ठेवली.

२२/ २००१ मध्ये अमेरिकेतील ओकोनी केंद्रात झाकणाच्या नळ्यांना आडव्या, वेढा घालणाऱ्या भेगा सापडल्या. उभी भेग गळते. आडवी भेग पूर्ण फिरली तर नळी तुटून बाहेर फेकली जाऊ शकते. नियामक आयोगाने धोक्यातल्या केंद्रांना २००१ संपण्यापूर्वी तपासणी करण्यास सांगितले. ओहायोतील डेव्हिस-बेसी केंद्राने मुदत वाढवून मागितली आणि तडजोडीने १६ फेब्रुवारी २००२ पर्यंत भट्टी चालू राहिली.

२३/ भट्टी थांबली. मार्च २००२ मध्ये तिसऱ्या क्रमांकाच्या नळीची दुरुस्ती चालू असताना ती नळी कलली. झाकणाच्या सतरा सेंटिमीटर जाड पोलादात घट्ट बसलेली नळी कलते कशी? साफसफाई केल्यावर कळले की तिच्या शेजारचे पोलाद उरलेच नव्हते. भेगेतून झिरपणाऱ्या पाण्यातील बोरिक आम्लाने तेथे सुमारे १३ सेंटिमीटर रुंद आणि १८ सेंटिमीटर लांब पोकळी कोरली होती. भट्टीच्या आतला प्रचंड दाब पेलत होते ते आतून दिलेले, सेंटिमीटरभरही जाड नसलेले स्टेनलेसचे अस्तर. ते फुगले होते, पण फाटले नव्हते.

२४/ खुणा नव्हत्या असे नाही. २००० मधील बंदच्या काळात काढलेल्या छायाचित्रांत झाकणावरून गंजाचे लाल ओघळ उतरलेले दिसतात. हवेतील किरणोत्सार मोजणाऱ्या उपकरणांचे गाळणकागद लोहाच्या गंजाने तुंबत होते, आणि ते वारंवार बदलले जात होते. कागद बदलणाऱ्याने आपले काम केले. तो गंज कोठून येतो, हा प्रश्न मात्र तडीस गेला नाही. केंद्र दोन वर्षे बंद राहिले आणि चालक कंपनीने २००६ मध्ये २ कोटी ८० लाख डॉलरचा भुर्दंड मान्य केला. आणि १९६७ मध्ये कोरियूंनी आपला आलेख मांडला, ते राज्यही ओहायोच होते.

२५/ शुद्ध पाणी या धातूला फोडते तरी कसे? १९९३ मध्ये पीटर स्कॉट आणि मार्क ल काल्वार यांनी मांडलेल्या कल्पनेनुसार ऑक्सिजन स्फटिककणांच्या सीमांवरून आत शिरतो, तेथल्या क्रोमियमशी संयोग पावतो, सीमा ठिसूळ होते आणि ताण ती उघडतो. पाण्यात मुद्दाम मिसळलेल्या हायड्रोजनचाही यात वाटा आहे. तज्ज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. पण व्यवहारातील उत्तर सापडले, ते म्हणजे ‘अलॉय ६९०’. त्यात क्रोमियम २७ ते ३१ टक्के, जवळजवळ दुप्पट. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून नव्या बाष्पजनित्रांत, आणि पुढे नव्या झाकणांतही, तोच वापरला जात आहे. त्याची कामगिरी आजवर उत्तम आहे.

२६/ आपल्या दाराशीही या कथेचे एक पान आहे. पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्यांनी २००५-०६ मध्ये व्यापारी वीजनिर्मिती सुरू केली. त्यांच्या बाष्पजनित्रांतील नळ्या आहेत अलॉय ८०० च्या, त्या मधल्या पठारावरच्या धातूच्या. डहाणूकडे जाणाऱ्या गाडीतून प्रवास करताना बोईसर स्थानक लागले, की १९५९ मधला साक्ले येथील परिसंवाद आठवायला हरकत नाही.

२७/ इतिहासाच्या अभ्यासकाने यातून काय घ्यावे? कॉप्सन चुकले नव्हते. त्यांच्या द्रावणात त्यांचे उत्तर अचूक होते. चूक झाली ती एका पाण्यातले उत्तर दुसऱ्या पाण्याला लावण्यात. विलायतेत टिकणारे पितळ आपल्या पावसाळ्यात टिकलेच पाहिजे, असे गृहीत धरण्यासारखीच ती चूक होती. आणि कोरियूंच्या प्रयोगाला विरोध करणाऱ्यांच्या हाती जे होते, तो भेग न पडण्याचा पुरावा नव्हता. भेग अजून न दिसल्याची ती नोंद होती. आपणही दप्तरे चाळताना ‘अमुक गोष्टीचा उल्लेख नाही’ यावरून ‘अमुक घडलेच नाही’ असे किती सहज म्हणून जातो.

२८/ ‘अलॉय ६९० ला तीन दशके उलटूनही भेग नाही’ असे आज आपण म्हणतो, तेव्हा ते वाक्य खरे आणि दिलासा देणारे आहे. फक्त ते वाचताना त्यातले ‘तीन दशके’ हे शब्द गाळू नयेत. भेग आपले घड्याळ वेगळे ठेवते, आणि म्हणूनच तपासणी करणारे आजही दर बंदच्या काळात झाकणाखाली जाऊन पाहतात.

धागा समाप्त.